टेपमधली रिकामी जागा

१

सरकारी विद्यापीठात इंग्रजी साहित्याचं एम. ए. करणाऱ्या मुलीला इंग्रजी बोलता येत नाही, हे ऐकून लोकांना गंमत वाटते. माझ्या दादाला तर इतकी वाटायची, की घरी आलेल्या कुणालाही तो म्हणायचा, हिला जरा इंग्रजीतून विचारा काहीतरी. मग मी पाणी आणायच्या निमित्ताने आत सटकायचे.

वाचायला सगळं यायचं. लिहायलाही यायचं. पण माझं शिक्षण सगळं आपल्या भाषेतून झालेलं. बारावीनंतर मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कॉलरच्या मशीनवर बसले. आई घरी त्याच कारखान्याची काजं-बटणं करायची. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जणी गप्पा मारायच्या आणि मी कापडाच्या ढिगाला टेकून इंग्रजी कादंबऱ्या वाचायचे, मांडीवर शब्दकोश घेऊन. त्यातला जवळजवळ एकही शब्द मी कधी कानांनी ऐकलेला नव्हता. त्यांचे उच्चार माझे मीच ठरवले होते आणि मला ते फार आवडायचे. पुढे बाहेरून परीक्षा देऊन पदवी मिळवली. मार्क असे पडले की विद्यापीठाने प्रवेश दिला, होस्टेलही दिलं. वर्गातल्या इतरांपेक्षा मी चार-पाच वर्षांनी मोठी होते. आई म्हणाली, जा, कॉलरी काय, जन्मभर आहेतच.

पहिल्याच महिन्यात वर्गात उतारा वाचायची पाळी माझ्यावर आली. वाचता वाचता एक शब्द चुकला. कोणी हसलं नाही. मॅडमनी तो शब्द नीट म्हणून दाखवला, अगदी मायेने, आणि म्हणाल्या, हं, पुढे. हसले असते तर बरं झालं असतं, मीही हसून मोकळी झाले असते. पुढचं वाक्य वाचायला मी तोंड उघडलं आणि आतून काही आलंच नाही. बराच वेळ सगळा वर्ग माझ्या उघड्या तोंडाकडे बघत होता. शेवटी शेजारच्या मुलीने उतारा पुरा केला. त्या दिवशी बसलेली दातखीळ पुढे सुटली नाही. सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षा झाली, तेव्हा मी परीक्षकांच्या टायकडे बघत बसले आणि नापास झाले. लेखीत मात्र वर्गात पहिली.

आम्हाला उच्चारशास्त्र शिकवणारे सर होते. त्यांना सगळे ओठदात सर म्हणायचे. "आपण एकाच 'व'वर सगळा संसार चालवतो," ते म्हणायचे. "इंग्रजीत दोन आहेत. एकाला ओठ गोल करून फुंकर घालायची. दुसऱ्याला खालचा ओठ वरच्या दातांखाली. ओठ, दात. ओठ, दात." हे ते स्वतः करूनही दाखवायचे, आणि तेव्हा त्यांचा चेहरा सशासारखा दिसायचा.

त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, दुसऱ्यांदा तोंडी गेली तर नियमाप्रमाणे नाव कमी होतं, त्यात मी काही करू शकत नाही.

"तुम्ही असं करा, रोज दुपारी लॅबमध्ये बसा," ते म्हणाले. "जेवणाच्या वेळी तिथे चिटपाखरू नसतं. टेपला कोण लाजतं?"

२

भाषेची लॅब दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला होती. आत लाकडी बूथच्या दोन रांगा. प्रत्येक बूथमध्ये एक टेप, एक हेडफोन आणि स्वतःचे ओठ बघायला तोंडासमोर एक छोटा आरसा. दोन बूथच्या मधे कमरेपर्यंत लाकूड आणि वर काच. भिंतींना भोकंभोकं असलेले पुठ्ठे लावलेले होते, त्यामुळे आत पाऊल टाकलं की आवाज मेल्यासारखा व्हायचा. खोकलं तरी ते दुसऱ्याच कुणीतरी लांबवर खोकल्यासारखं वाटायचं. टेप जाऊन संगणक येणार होते. म्हणजे आले होते, पण कोपऱ्यात खोक्यांतच होते, कारण ते उघडायची परवानगी यायची होती.

लॅबच्या मावशी बाहेर बोळात स्टुलावर बसून स्वेटर विणायच्या. मला आत सोडून त्या दार ओढून घ्यायच्या.

टेपवर एक बाई होती. ती एक वाक्य म्हणायची, मग थांबायची, मग तेच वाक्य पुन्हा म्हणायची. मधली थांबलेली जागा आपल्यासाठी. तेवढ्यात आपण म्हणायचं आणि लगेच तिचं ऐकून आपली चूक ओळखायची. एवढं साधं. मी हेडफोन लावून बसायचे, बाई म्हणायची, टेपची खरखर सुरू व्हायची आणि मी आरशात माझं मिटलेलं तोंड बघत राहायचे. बाई पुन्हा म्हणायची. तिच्या आवाजात मला कंटाळा ऐकू यायचा, जो अर्थातच तिथे नव्हता. असा पहिला आठवडा गेला. मी एकही रिकामी जागा भरली नाही. सरांनी विचारलं की मान हलवायचे.

दुसऱ्या आठवड्यात दोन 'व'चा धडा लागला. बाई म्हणाली, "वी वेअर व्हेरी वेट." आम्ही चिंब भिजलो होतो. मग खरखर.

आणि त्या खरखरीत कोणीतरी म्हणालं, "वी वेअर वेरी वेट."

हळू आवाजात, चाचरत. सगळे 'व' एकसारखे, आपले. मग बाईने बरोबर म्हटलं. पुढचं वाक्य आलं. पुढची जागा आली. तीही भरली गेली.

मी हेडफोन काढला. लॅब रिकामी होती. बाहेर मावशींच्या स्टुलाचा करकर आवाज आला, तेवढाच.

३

मला फार भीती वाटली असं नाही. उलट मी स्वतःवरच हसले. कोणीतरी कधीतरी याच टेपवर सराव केला असणार आणि चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं असणार. मावशींना विचारलं तर त्याही तसंच म्हणाल्या. मुलं काहीही दाबतात, मागे एकाने तर अख्ख्या धड्यावर गाणं भरून ठेवलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं. माझ्याइतकंच वाईट बोलणारं कोणीतरी या विभागात होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तोच धडा लावला. मला तिचं ऐकायचं होतं. हो, आवाज मुलीचाच होता. त्याच वाक्याला मी कान टवकारले. "वी वेअर," ती म्हणाली, आणि अडखळली. मग पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली, घाईघाईने, बाईच्या आत संपवायला.

काल ती अडखळली नव्हती.

टेपवर भरलेला आवाज रोज वेगळी चूक करत नाही. हे कळायला उच्चारशास्त्र लागत नाही. मी टेप मागे घेतली आणि पुन्हा ऐकली. या वेळी ती अडखळली नाही, पण 'वेट'चा 'ट' जास्त जोरात आला. पुन्हा मागे घेतली. प्रत्येक वेळी तिचा थोडा वेगळा प्रयत्न. ती शिकत होती. मी बटण दाबत होते आणि पलीकडे कोणीतरी न कंटाळता शिकत होती.

मी बूथ बदलला. खिडकीजवळच्या बूथमध्ये बसले, कपाटातून दुसरी टेप काढून लावली. पहिली जागा आली आणि गेली, नुसती खरखर. दुसरीही तशीच. तिसऱ्या जागेच्या आधी मला कोणीतरी श्वास घेतल्याचा आवाज आला. बोलण्यापूर्वी माणूस घेतो तसा. आणि मग ती बोलली. कालच्यापेक्षा जवळून.

वायरी एकमेकींत गुंतल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं. कुठल्यातरी दुसऱ्या खोलीत कोणी बसत असेल. जुन्या इमारती, जुन्या वायरी. हे कारण घेऊन मी जिना उतरले आणि होस्टेलवर जाईपर्यंत ते घट्ट धरून ठेवलं.

४

माझ्या खोलीत राहणाऱ्या मुलीला आम्ही बातमी म्हणायचो. विभागात काही घडलं की ते घडून संपायच्या आत तिला कळलेलं असायचं. ती बडबडी होती, पण मनाने निर्मळ. मी बोलत नाही याचा तिने कधी बाऊ केला नाही. दोघींच्या वाटचं तीच बोलायची.

त्या संध्याकाळी मी कपडे वाळत घालत होते. ती खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती, आणि मधेच म्हणाली, "काय गं, छुपी रुस्तम. आम्हाला सांगायचं नाही होय?"

मी विचारलं, काय सांगायचं नाही.

ती म्हणाली, मी दुपारी तुला जेवायला बोलवायला लॅबवर आले होते. मावशी जागेवर नव्हत्या. दारापाशी आले तर आत तुझं चाललेलं, एकामागून एक वाक्यं. म्हटलं आता कुठे तोंड उघडलंय हिने, अडवू नये. म्हणून पाय न वाजवता खाली गेले.

माझ्या हातात ओला टॉवेल होता. त्यातून पाणी ठिबकत राहिलं.

"ती मी नव्हते," मी म्हणाले.

"अगं, तुझाच आवाज होता. मी काय तुझा आवाज ओळखत नाही?"

मी त्या दुपारी तासभर तोंड मिटून बसले होते. टेप हेडफोनमध्ये होती, बाहेर काही ऐकू जायचा प्रश्नच नव्हता. पण मला खटकलं ते वेगळंच. मी त्या मुलीला दोन दिवस कान देऊन ऐकत होते. तिची अडखळण, तिची घाई, श्वास घ्यायची तऱ्हा, सगळं आता मला पाठ झालं होतं. आणि तरी तो आवाज मला ओळखता आला नव्हता. कसा येणार? इंग्रजी बोलणारी मी कशी ऐकू येते, हे मी कधी ऐकलंच नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी मी सरांना लॅबमध्ये घेऊन गेले. टेप खराब वाटतेय, मधल्या जागेत आवाज येतो, एवढंच त्यांना सांगितलं. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटले. बाई वाक्य म्हणाली असावी, कारण ती थांबताच सरांनी मोठ्याने ते वाक्य म्हटलं. पुढचंही. त्याच्या पुढचंही. तीस वर्षं शिकवून त्यांना सवयच लागली होती, टेप थांबली की त्यांचं तोंड आपोआप सुरू व्हायचं. धडा संपला तसा त्यांनी हेडफोन काढला.

"टेप चांगली आहे की. मधे काही नाही," ते म्हणाले. "ती जागा रिकामीच असते. तुम्ही भरली नाही तर तशीच राहणार."

मला हसावं की रडावं कळेना. त्यांनी एकही जागा रिकामी सोडली नव्हती. मग ती येणार कुठून?

मी लॅबला जाणं बंद केलं. वाटलं होतं, त्याने सगळं थांबेल. पण मग माझा घसा बसू लागला. सर्दी नाही, ताप नाही. कॅन्टीनमध्ये चहा मागायला गेले तर ओठ हलले आणि आवाज आला नाही. काउंटरवरच्या माणसाने दुसऱ्याची ऑर्डर घेतली. बसमध्ये, वाचनालयात, सगळीकडे तसंच. मी बोलायला जायचे आणि एक क्षण उशीर व्हायचा. आपल्या भाषेतसुद्धा. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारून घसा बघितला आणि म्हणाल्या, काही नाहीये, परीक्षा आहे का?

परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. दादाने दोनदा फोन करून कळवलं होतं, की कारखान्याच्या मालकीणबाई मला परत घ्यायला तयार आहेत, आता कॉलरीवर नाही, देखरेखीला. उगाच नापासाचा शिक्का दुसऱ्यांदा कशाला लावून घेतेस, असं त्याचं म्हणणं. तो वाईट माणूस नाही. शाळेची बस चालवतो, जगात सगळ्यांनी वेळेवर आपापल्या घरी पोचावं असं त्याला मनापासून वाटतं.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. मी होस्टेलच्या गच्चीच्या जिन्यात बसले होते. आईने जेवणाखाण्याचं विचारलं, मी हं हं केलं. मग तिने विचारलं, परीक्षेचं काय करायचं ठरवलंस? मी गप्प राहिले. पलीकडून तिच्या कात्रीचा आवाज येत होता, दोरा कापल्याचा. मग तोही थांबला.

आणि आई म्हणाली, "बरं. मग दादाला सांगते, स्टँडवर घ्यायला ये म्हणून."

मी कसंबसं विचारलं, कशाला?

"अगं कशाला म्हणजे? आत्ताच म्हणालीस ना, मला नाही जमणार, मी घरी येते. रडत होतीस का गं? आवाज कापत होता तुझा."

मी काहीच म्हटलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. माणूस कधी कधी बोलून जातो आणि त्याला कळत नाही, असंही होतं. मी ते कारणही धरून बघितलं, पण ते हातात राहीना. कारण आईने सांगितलेलं वाक्य माझंच होतं. चार दिवस ते माझ्या जिभेच्या टोकावर होतं आणि मी ते दाबून ठेवलं होतं.

म्हणजे आता टेपची गरज राहिली नव्हती. मी कुठेही गप्प बसले की तिला जागा होती.

६

सकाळी मावशींनी कुलूप काढलं तेव्हा मी दारात उभी होते. इतक्या सकाळी कशाला, म्हणून त्या कुरकुरल्या, पण सोडलं आत.

खिडकीतून ऊन आलं होतं. मी माझ्या आधीच्याच बूथमध्ये बसले, दोन 'व'चा धडा लावला. बाई वाक्य म्हणाली. खरखर सुरू होताच मी तोंड उघडलं. घशातून काहीतरी घरघरलं. त्याच वेळी हेडफोनमध्ये तीही बोलली. दोघींची वाक्यं एकमेकींत अडकली आणि दोघी थांबलो.

पुढचं वाक्य. पुन्हा तेच. दारातून एकाच वेळी दोघांनी जायला बघावं तसं. एकदा माझा शब्द आधी, एकदा तिचा. पाचव्या की सहाव्या वाक्याला मला डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी हलल्यासारखं दिसलं.

डावीकडच्या काचेवर वाफ होती. रुपयाएवढी, गोल. बघता बघता विरली. बाईने वाक्य म्हटलं, जागा आली आणि हेडफोनमधल्या आवाजाबरोबर ती पुन्हा उमटली. विरली. पुन्हा उमटली. प्रत्येक 'व'ला एक. मी बोटाने काच पुसली. वाफ माझ्या बाजूला नव्हती.

शेजारचा बूथ मी आत येताना बघितला होता. रिकामा होता, खुर्ची आत सरकवलेली. आता काचेतून मला खुर्ची दिसत नव्हती, कारण काचेवर उन्हाची चमक होती. किंवा मला ती बघायची नव्हती.

पळायला हवं होतं. पण एक विचित्र गोष्ट झाली. ती वाफ बघता बघता मला तिची चूक दिसली. गोल वाफ पहिल्या 'व'ला यायला हवी, ओठांच्या फुंकरीची. दुसऱ्याला नको. ती दोन्हीला फुंकर घालत होती. बिचारीला कोणी दाखवलंच नव्हतं. आणि मला ते माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. काचेकडे तोंड केलं. सर दाखवायचे तसा खालचा ओठ वरच्या दातांखाली धरला, चांगला रेटून, सशासारखा, आणि नुसता तो एक आवाज काढला. पुन्हा काढला.

पलीकडे वाफ यायची थांबली. मग काचेवर मोठी धूसर चकती उठली, कोणी अगदी जवळ आल्यासारखी, आणि पलीकडून कशाने तरी ती मधोमध पुसली गेली.

तिथे एक तोंड होतं. तेवढंच दिसलं. कोरडे ओठ, जरासे उघडे. ते माझं होतं का, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. स्वतःचं तोंड आपण आरशात बघतो, ते उलटं असतं. हे सुलटं होतं. वरच्या ओठावरचा तीळ दुसऱ्या बाजूला होता आणि त्यामुळे ते कुणा अनोळखी बाईचं वाटत होतं. पण एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. ते ओठ थरथरत होते. माझ्यापेक्षा जास्त.

खालचा ओठ हळूच दातांखाली गेला.

"व्हेरी," ती म्हणाली. हेडफोन टेबलावर होता. आवाज काचेतून आला.

बरोबर होतं. मी मान हलवली. आणि मग, कुणाचं ऐकून नव्हे, कुठे वाचून नव्हे, मी माझ्या आयुष्यातलं पहिलं स्वतःचं इंग्रजी वाक्य बोलले. चुकत, थांबत, सगळे 'व' जागच्या जागी ठेवायचा प्रयत्न करत तिला म्हणाले, की तू फार छान शिकलीस, पण आता मला बोलू दे.

ते तोंड क्षणभर तसंच राहिलं. मग मिटलं. रागाने नाही. कुणाचं बोलणं ऐकायचं असेल तेव्हा आपण मिटतो तसं. काचेवरची वाफ कडेकडेने आत आली आणि तो पुसलेला भाग झाकला गेला. ऊन सरकलं तशी मला खुर्ची दिसली, आत सरकवलेली.

मी टेप मागे घेतली. बाईने वाक्य म्हटलं. खरखर आली. कोणी बोललं नाही. ती जागा तशीच वाट बघत राहिली, आणि मी ती भरली. माझा आवाज घोगरा होता, फाटका होता, पण तो माझ्या गळ्यातून आला होता आणि मला तो छातीत जाणवला.

बाहेर आल्यावर मी आधी दादाला फोन केला. म्हणाले, स्टँडवर येऊ नकोस. तो म्हणाला, आई तर म्हणत होती. मी म्हणाले, आईला मी सांगेन. तू परीक्षा झाल्यावर ये, मला विद्यापीठ दाखवायचंय तुला. तो म्हणाला, बस कुठे लावायची तिथे?

७

परीक्षेपर्यंत मी रोज दुपारी लॅबला गेले. शेजारचा बूथ रिकामा असायचा. पण कधी दमले, कधी एखाद्या वाक्याला कंटाळून तोंड उघडायला उशीर केला, की डाव्या कानापाशी कोणीतरी श्वास आत घ्यायचं. मग मी लगेच बोलायचे. बातमीला मी हे सगळं सांगितलं नाही. तिला एवढंच सांगितलं, की रोज रात्रीच्या जेवणाला माझ्याशी इंग्रजीतून बोलत जा. ती इतकी खूश झाली की तिने मला बोलूच दिलं नाही.

या वेळी परीक्षक म्हणून एक वयस्कर बाई आल्या होत्या. ओठदात सर त्यांच्या शेजारी बसले होते आणि माझ्याकडे न बघता पेन उघडत-मिटत होते. कादंबरीवरच्या प्रश्नांची उत्तरं मी दिली. व्याकरण दोनदा कोसळलं, मी ते उचलून पुढे गेले. मग बाईंनी माझा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, की साहित्यच का? दुसरं काही का नाही?

याची तयारी मी केली नव्हती. मी कारखान्याचं सांगायला लागले. कॉलरी, सुट्टी, मांडीवरचा शब्दकोश. म्हणाले, त्या कादंबऱ्यांमधली माणसं मनात खूप बोलत असतात, बाहेर कोणाला पत्ता नसतो, आणि तरी कोणीतरी ते ऐकून लिहून ठेवलेलं असतं. ते वाचून मला असं वाटलं, की

आणि मला शब्द सापडेना. मी त्याला हात घालायला गेले आणि तो सटकला. खोलीत शांतता झाली. पंखा फिरत होता. सरांचं पेन थांबलं.

माझ्या डाव्या खांद्यामागे कोणीतरी श्वास घेतला.

बाईंनी मान वर केली. माझ्याकडे नाही. माझ्या खांद्यावरून, मागे, जिथे फक्त भिंत होती. त्यांच्या कपाळाला बारीकशी आठी पडली, जणू वर्गात दोघींनी एकदम हात वर केला आहे.

"वन मिनिट," मी म्हणाले. त्यांना नव्हे.

मागचा श्वास थांबला. मी घाई केली नाही. ती शांतता मी तशीच राहू दिली. ती लांबली, आणि लांबली तरी तिचं काही झालं नाही, ती माझ्याकडेच राहिली. मग शब्द आला. मला हवा होता तोच आला की नाही कोण जाणे, पण मी तो ठेवला आणि वाक्य पुरं केलं. बाई पुन्हा माझ्याकडे बघू लागल्या. त्यांनी काहीतरी लिहिलं. सरांनी टेबलाखाली रुमाल काढून तोंड पुसलं.

निकाल त्याच दुपारी दारावर लागला. बातमीने तो माझ्या आधी वाचला, हे सांगायला नकोच.

मी विभागाच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले आणि आईला फोन लावला. तिचा फोन साधा, त्यावर कोणाचं नाव येतं ते ती कधी बघत नाही. मी म्हणाले, आई, पास झाले. तोंडी. सगळे प्रश्न. एकच अडला होता, पण तोही जमला.

पलीकडे दोरा ओढल्याचा आवाज चालू होता.

"कोण बोलतंय?" आईने विचारलं.

पायाखालची पायरी सरकल्यासारखं झालं मला. मी म्हणाले, "अगं, मी."

आईने सुई गादीत टोचून ठेवली असणार, कारण दोरा ओढल्याचा आवाज बंद झाला.

"बोल जरा अजून," ती म्हणाली.

मी बोलले. त्या बाईंचं, सरांच्या पेनाचं, दादाच्या बसचं.

"हो, तूच," आई म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आला. "शाळेत घातली ना, त्याच्या आधी तू अशीच बोलायचीस. दिवसभर. कोणी ऐकतंय का नाही, तुला फिकीर नसायची. मी विसरूनच गेले होते."

मला काय बोलावं सुचेना. पण मी गप्प राहिले नाही. पुढच्या सत्रातल्या पुस्तकांचं सांगू लागले, एका मोठ्या कवितेचं, जी मला अजून नीट कळलेली नव्हती. आई मधे काही बोलली नाही, नुसती ऐकत होती. फोनवर मला ऐकणाऱ्याचे श्वास येत होते. दोन. एक आईचा होता, तो मी जन्मापासून ओळखते. दुसरा त्याच्याहीपेक्षा जवळ होता आणि अगदी शांत होता.

मी दोघींना सांगत राहिले.